सत्तर ग्रेन आणि एक चिंधी

स्नायडर काउंटी, २१ जानेवारी

प्रिय आणि आदरणीय क्लेअरमामा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा थोरला मुलगा एल्विन टोपी काढून तुम्हाला नमस्कार करतो, आणि व्हर्नामामींना त्याहून जरा जास्त वाकून करतो, कारण या पत्रात पुढे त्यांच्या हातच्या शिवणाचा विषय निघणार आहे आणि तेव्हा त्यांनी माझ्यावर रागावू नये अशी इच्छा आहे. तुमचा खुबा आता कसा आहे? फ्लोरिडाच्या उन्हाने दुखणं निम्म्यावर आलं असं मामींनी नाताळच्या कार्डात लिहिलं होतं, ते वाचून बरं वाटलं. इकडे अंगणात गुडघाभर बर्फ आहे, पण आम्ही नवरा-बायको दोघंही ठीक. आर्लीन ठीक, तिची कुत्री ठीक. माझा उजवा अंगठा सोडला तर मीही ठीक आहे (अंगठ्याचं पुढे येईलच, म्हणून अक्षराला हसू नका). नव्या वर्षाच्या दिवशी डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी रीतीप्रमाणे खाल्ला. वर्ष चांगलं जावं म्हणून मी तीनदा वाढून घेतला. त्याचा उपयोग किती झाला ते आता सांगतो.

तुम्ही हे पत्र उघडल्या उघडल्या शेवटचं पान आधी पाहिलं असणार, हे मी जाणून आहे. शनिवारी शिकारीचा मोसम संपला, आणि तो आपल्या करारातला तिसरा मोसम होता. दोन हिवाळे खपून तुम्ही स्वतःच्या हातांनी घडवलेली ती चकमकीची ठासणीची बंदूक तीन वर्षांपूर्वी माझ्या हाती दिलीत तेव्हा म्हणाला होतात, "एल्विन, तीन मोसमांत हिने एक हरीण आण, म्हणजे ती तुझी. नाही आणलंस तर ड्वाइटला दे." मावशीचा ड्वाइट माझा सख्खा मावसभाऊ आहे, त्याच्याबद्दल वाईट बोलणं बरं नव्हे. पण तो ती बंदूक टीव्हीच्या वर टांगणार आहे आणि तिच्या खाली निळा दिवा लावणार आहे, हे त्याने मला स्वतः सांगितलं. निळा, मामा. तेव्हा माझा जीव कशात अडकला होता ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण शेवटचं पान आधी वाचणाऱ्याला न्याय कळत नाही, म्हणून मी सगळं क्रमाने लिहितो.

साध्या रायफलीने मी दर वर्षी डिसेंबरात हरीण आणतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझा हात वाईट नाही. पण तुमची बंदूक हातात घेतली की काहीतरी बिनसतं. पहिल्या वर्षी चुकलो तेव्हा मी वाऱ्याला बोल लावला, दुसऱ्या वर्षी जाड चिंधीला. यंदा ठरवलं की नशिबावर काही सोडायचं नाही, शास्त्राने जायचं. तुमचा कायदा मला तोंडपाठ आहे: बंदुकीची जाड दाण्याची दारू, वजनाने सत्तर ग्रेन, एकही कमी नाही, एकही जास्त नाही, नळीपेक्षा केसभर लहान शिशाची गोल गोळी, तिला गुंडाळायला गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची चिंधी, चिंधीला डुकराची चरबी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दारू कोरडी, दारू कोरडी, दारू कोरडी. लहानपणी आम्ही पोरं झोपताना प्रार्थना म्हणायचो आणि तुम्ही दारातून हे म्हणायचात. तरी मी म्हटलं, दुसऱ्यांचंही ऐकून पाहू.

तिथेच चुकलं. आपल्या भागात दहा माणसं ठासणीची बंदूक बाळगतात आणि त्यांची मतं अकरा आहेत. दुकानदार स्टॉफर म्हणाला की जाड दाणा तुमच्या जमान्यातला, आता बारीक दाणा घ्या आणि दहा ग्रेन कमी भरा. त्याचा भाऊ शेजारच्याच स्टुलावर बसून म्हणाला की भावाचं काही ऐकू नका, नव्वद भरा. ड्वाइट म्हणाला की गोल गोळ्या आजोबांसाठी असतात, लांबोडकी टोकदार गोळी घे, तिला चिंधीच लागत नाही. मी तिघांचंही ऐकलं. ऑक्टोबरपासून दर शनिवारी मागच्या कुरणात पन्नास पावलांवर कागदी थाळ्या लावल्या, वाळूच्या पोत्यावर बंदूक टेकवली आणि साठपासून पाच-पाच ग्रेन चढवत नव्वदपर्यंत गेलो. वही केली. वहीत रकाने केले. लांबोडक्या गोळीने थाळीत आडवं भोक पाडलं, म्हणजे ती वाटेत कोलांट्या खात गेली होती. तुमच्या नळीच्या आत कोरलेल्या आट्यांचा फेर सावकाश आहे, तो तिला मानवला नाही. ड्वाइटला हे सांगितलं तर म्हणाला की हरणाला आडवं भोक चालतं. नव्वद ग्रेनला खांदा सुजला आणि थाळी शाबूत राहिली. आर्लीनने त्या थाळीत दुपारचं जेवण वाढलं.

बंदूक धुवायचा प्रश्न होताच. गरम पाणी आणि साबण, तुम्ही शिकवल्याप्रमाणे. पण कुरणातल्या पंपाला बर्फ धरला, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये नळी धुतली. जळलेल्या दारूचा वास तुम्हाला माहीत आहे, नासलेल्या अंड्यांसारखा. नेमके त्याच वेळी पाद्रीबाबा आर्लीनच्या चर्चच्या जत्रेविषयी बोलायला आले. दारात उभे राहिले, नाक दाबलं नाही, पण अंड्यांचा केक खायला नम्रपणे नकार दिला. केक ताजा होता. त्या दिवसापासून माझी दारू, ठासायचा गज आणि मी, तिघांनी मिळून गोठ्यात राहावं असं ठरलं.

आता अंगठा. एका शनिवारी मी पासष्ट की सत्तर या विचारात असताना आर्लीनने जेवायला हाक मारली. त्या गडबडीत मी गोळी चिंधीत गुंडाळली, नळीत घातली, गजाने तळापर्यंत व्यवस्थित ठासली, आणि मग माझ्या लक्षात आलं की खाली दारूच घातलेली नाही. हसू नका. तुम्ही हसताय. ती गोळी स्क्रूने ओढून काढायला दोन दिवस लागले, आणि शेवटी ती बाहेर आली तेव्हा गजासकट मी मागे गेलो आणि अंगठा गोठ्याच्या कडीत अडकला. डॉक्टरने विचारलं की हे कसं झालं. मी सांगितलं की शास्त्रीय प्रयोगात.

पण मामा, या सगळ्यातून एक गोष्ट हाती लागली. दारू सत्तरच बरी, गोळी गोलच बरी, तुमचं बरोबर होतं. बिघाड चिंधीत होता. उडवून झाल्यावर गवतातून चिंध्या गोळा करायच्या आणि बघायच्या, हेही तुम्हीच शिकवलेलं. मी बघितल्या: मधे जळालेल्या, कडेला फाटलेल्या, एक तर पेटती उडून आर्लीनच्या वाळत घातलेल्या चादरीवर बसली. हल्ली दुकानातलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड विरविरीत येतं. घट्ट विणीचं जुनं कापड हवं होतं. आता घरात घट्ट विणीचं जुनं कापड कुठे असतं? उशीला. माझ्या सासूबाईंच्या पिसांच्या उशीला. मी विचार केला की सासूबाई देवाघरी गेल्या, उशीला आता डोकं नाही, तर तिला कापडाची काय गरज? पिसं एका पोत्यात भरेन असं ठरवलं होतं, पण पिसांनी ते ऐकलं नाही. अजूनही कुत्री मधूनच शिंकते.

आर्लीन तीन दिवस बोलली नाही. त्या तीन दिवसांत मी त्या कापडाच्या चाळीस गोल चिंध्या कापल्या, अगदी सारख्या, भोपळ्याच्या बरणीचं झाकण ठेवून आखलेल्या, आणि पत्र्याच्या लाल डब्यात रचून ठेवल्या. चरबी शिकारीच्या कॅम्पवर लावायची असं योजलं होतं. चौथ्या दिवशी मी गोठ्यातून आलो तर आर्लीन स्वयंपाकघरात रडत होती. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली की एल्विन, तू असा असशील असं मला वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं, पण कसा ते विचारायची सोय नव्हती. बायको बोलायला लागली होती, मी विषय वाढवला नाही. गुरुवारी तिने स्वतःच तो लाल डबा माझ्या पिशवीत ठेवला, आणि शुक्रवारी सकाळी मी ड्वाइटच्या गाडीतून पॉटर काउंटीत कॅम्पवर गेलो.

कॅम्पवर डबा उघडला तर आत आल्याच्या कुकीज. सत्तावीस. वर चिठ्ठी: "आईची आठवण जपलीस." मी कॅम्पच्या टेकडीवर चढून फोन लावला (तिथे अजूनही फक्त त्या बर्चच्या झाडाखालीच फोन लागतो) तेव्हा उलगडा झाला. तिला वाटलं की मी पश्चात्तापाने उशीच्या कापडाचे गोल तुकडे, ती जत्रेसाठी शिवत असलेल्या गोधडीसाठी कापून ठेवले. तिने प्रत्येक तुकड्याला धावदोरा घालून चुण्या घेऊन फुलं केली होती. चाळीस फुलं. जत्रेत पहिलं बक्षीस मिळेल असं पाद्रीबाबा म्हणतात. मी म्हटलं, कुकीज छान झाल्या आहेत.

तर असा मी, मोसमाच्या शेवटून दुसऱ्या दिवशी, दुपारी, डोंगरात, दारू आहे, गोळ्या आहेत आणि चिंधी एक नाही. ड्वाइट लांबोडक्या गोळ्या वापरतो, त्याच्याकडे चिंध्या नसतातच. दुकान पंचवीस मैलांवर आणि रस्त्यावर बर्फ. अंगावरचा शर्ट लोकरीचा, रुमाल कागदाचे, पडद्यांचं कापड नायलॉनचं, ते वितळतं. ड्वाइट स्टोव्हजवळ पाय पसरून माझ्या कुकीज खात होता. म्हणाला, "एल्विन, इथली हरणं तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतात म्हणे, तुला दीर्घायुष्य मिळावं म्हणून." मी भिंतीकडे बघत होतो.

मामा, आता बसून वाचा. त्या भिंतीचा नियम मी तुम्हाला काय सांगायचा? ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीने कापायचा, त्याने त्यावर स्वतःच्या हाताने नाव, साल आणि सबब लिहायची, आणि तो भिंतीवर ठोकायचा. एकावन्न घोळ आहेत, मी मोजले. त्यांतले दोन माझे. बहुतेक लोकरी, ते जाड. अलीकडचे भेसळीचे, ते वितळणार. फक्त एक, अगदी वरच्या रांगेत, कोपऱ्यात, घट्ट विणीचा, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा निव्वळ सुती, मामींनी घरी शिवलेल्या कामाच्या शर्टाचा: "क्लेअर, १९७१, दारू दमट." तुमचा आयुष्यातला एकमेव चुकलेला नेम. त्या दमट दारूवरूनच तुमचा सगळा कायदा सुरू झाला, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. मी स्टुलावर चढलो. बोटांत धरून पाहिलं. एवढं घट्ट कापड मी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. ड्वाइट लाकडं आणायला बाहेर गेला, आणि मी तो खाली घेतला.

रागवा, पण आधी निकाल ऐका. त्यातून सहा चिंध्या निघाल्या. कॅम्पच्या तव्यातली डुकराची चरबी लावली, आणि मागे जाऊन लाकडाच्या ढिगावर बंदूक टेकवून पन्नास पावलांवर तीन बार काढले. तीन गोळ्या, मामा, आणि थाळीत एक भोक, तिपानी गवतासारखं. उडालेल्या चिंध्या उचलल्या तर जळलेल्या नाहीत, फाटलेल्या नाहीत. धुऊन पुन्हा अंगावर घालता आल्या असत्या. मी तिथेच बर्फात उभा राहून मामींना मनोमन धन्यवाद दिले. तुमच्या चुकीने तुमचीच बंदूक सुधारली होती. भिंतीवरची मोकळी जागा ड्वाइटच्या लक्षात आली नाही, कारण ड्वाइट भिंतीकडे बघतो तो फक्त माझे दोन घोळ पाहुण्यांना दाखवायला.

शनिवारी सकाळी मी झऱ्याच्या वरच्या हेमलॉकच्या झाडीत जाऊन बसलो. सत्तर ग्रेन, गोल गोळी, तुमची चिंधी. नळीच्या बाजूला भोकाजवळ असलेल्या छोट्या वाटीत बारीक दारू घातली, ती हातमोज्याने झाकली. नऊच्या सुमारास एक मोठी हरिणी खालून आली, तीस पावलांवर थांबली, आणि आडवी उभी राहिली. एवढी सोपी हरिणी देवाने मला आजवर दिली नव्हती. मी हातमोजा काढला, नेम धरला, चाप ओढला, भडका उडाला, धूर झाला, आणि धूर विरला तेव्हा हरिणी नव्हती. रक्ताचा थेंब नाही. ड्वाइट आवाज ऐकून आला, त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि खिशातून कात्री काढली. कात्री त्याने घरून आणली होती.

दारू दमट निघाली, मामा. तुमच्यावर ही वेळ येऊन गेली आहे, तुम्ही समजून घ्याल. घोळावर मी तेच लिहिलं. करार तो करार. मी कुरकुर करणार नाही. बंदूक तेल लावून, पुसून, पलंगाखालच्या पेटीत ठेवली आहे. तुम्ही प्रकृतीला जपा, मामींना माझा नमस्कार पुन्हा एकदा सांगा आणि त्यांच्या शर्टाबद्दल जरा सांभाळून बोला.

तुमचा तिन्ही मोसमांत आज्ञेबाहेर न गेलेला भाचा,
एल्विन

ता. क. : सोबतच्या पार्सलमध्ये हरणाच्या मांसाचं सॉसेज पाठवलं आहे. ते ड्वाइटच्या हरणाचं आहे. त्याने स्वतःहून दिलं, आणि देताना हसला नाही, हे मी त्याच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

ता. क. दुसरा : ड्वाइट बंदूक न्यायला येत्या रविवारी येणार. हुक भिंतीत बसवून झाले आहेत. दिवाही आला आहे, पण निळा मिळाला नाही, जांभळा मिळाला.

ता. क. तिसरा, आणि हा मामींना मोठ्याने वाचून दाखवू नका : वर लिहिलं ते सगळं खरं आहे, फक्त दारू दमट नव्हती. रात्रभर मी ती अंगाशी धरून झोपलो होतो, ती ठणठणीत कोरडी होती. आता ऐका. शुक्रवारी तुमचा घोळ कापताना खिळ्याखाली दुमडलेली वरची कड उलगडली. आतल्या बाजूला पेन्सिलीने, तुमच्याच अक्षरात लिहिलं होतं: "दारू कोरडी होती. भडक्याला डोळे मिटले. क्लेअर." मी स्टुलावरच बसलो. खोटं बोलून तुम्हाला झोप लागली नसणार, म्हणून खरं लिहिलंत आणि घडी घालून खिळा ठोकलात. चौपन्न वर्षं आम्ही तुमची दारू वाळवत बसलो, मामा.

पण मला तुमचा राग आला नाही. मला रडू आलं, कारण मीही मिटतो. तिन्ही मोसम. साध्या रायफलीला डोळ्यांपाशी भडका नसतो, म्हणून तिथे कळत नाही. तुमच्या बंदुकीच्या वाटीत ठिणगी पडायच्या आधीच माझे डोळे गच्च मिटलेले असतात. हे मी आर्लीनला सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही, म्हणून तर ती वही आणि ते रकाने. आणि शनिवारी मी ते मिटले नाहीत. तुमची ओळ आठवली आणि मिटले नाहीत. भडका पाहिला, पिवळा असतो. हरिणीने मान वर केलेली पाहिली. गोळी तिच्या पाठीच्या चार बोटं वरून गेली आणि मागच्या हेमलॉकची साल उडाली, तीही पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा नेम चुकताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मला एवढा आनंद झाला की ड्वाइटला वाटलं हरीण पडलं.

तुमची ती दुमडलेली कड या पाकिटात घातली आहे. ड्वाइटने ती पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही, बंदूक कुणाकडेही गेली तरी. त्याच्या बदल्यात मी काही मागत नाही. मागायचं आहे ते वेगळं आहे. माझा घोळ मी तुमच्याच खिळ्यावर ठोकला. बाहेरून "एल्विन, दारू दमट" असं आहे. वरची कड दुमडली आहे, आणि आत पेन्सिलीने लिहिलं आहे: "दारू कोरडी होती. डोळे उघडे होते." म्हणजे आता फक्त नेम धरायला शिकायचं राहिलं आहे, मामा, आणि तेवढ्यासाठी मला एक मोसम अजून द्या. ड्वाइटला रविवारच्या आत फोन करा.